श्रेया चालवणार ती गाडी

रविराजला सणसरमध्ये 'चाळीस' म्हणतात. त्याचं वय चाळीस नाही, एकतीस आहे. तो मोटारसायकल ताशी चाळीसच्या वर नेत नाही, म्हणून. बारामती रस्त्याला उसाने भरलेले ट्रॅक्टरसुद्धा त्याच्या मागे येऊन हॉर्न देतात. "चाळीसशेठ, जरा सरका, मागं बैलगाडी खोळंबलीय," असं पोरं ओरडतात. तो सरकतो. हाताने पुढे जा म्हणतो.

हाच माणूस टर्बो दुरुस्त करतो. ट्रॅक्टरचे, ऊसतोडणी यंत्रांचे, ट्रकचे. फाट्याजवळ त्याचं पत्र्याचं शेड आहे. आत एक फळी आहे आणि फळीवर मेलेले टर्बो ओळीने मांडलेले आहेत. गिऱ्हाईक विचारतं, माझा का गेला? रविराज फळीवरचा एखादा उचलून त्याच्या हातात देतो. "ह्यो बघा. ह्याला तेल उशिरा मिळालं." किंवा, "ह्याच्यात खडा गेला." किंवा, "ह्याला मालकानं पळवत आणला आन् दारात आल्याबरोबर चावी काढली. थंड व्हायला दोन मिन्टं दिली न्हाईत." मयताहून परत आलेले लोक ओट्यावर बसून बोलतात, तसं तो बोलतो.

टर्बोमध्ये एक दांडा असतो. एका टोकाचं चाक इंजिनाच्या धुराने फिरतं, दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखभर फेरे होतात. रविराज तो दांडा दोन बोटांत धरतो, डोळे मिटतो आणि हलवून बघतो. किती ढिला झालाय ते बोटांना कळतं. डोळे का मिटतोस, असं मी एकदा विचारलं.

"उघडं ठिवलं की मालकाचं तोंड दिसतं," तो म्हणाला.

मी बारामतीचा. मामाच्या पिकअपचा टर्बो घेऊन त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हापासूनची ओळख. मराठी घेऊन एम.ए. झालोय हे त्याला कळलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, की अक्षर कसं आहे. चांगलं आहे म्हणालो. मग त्याच्या याद्या मी लिहू लागलो.

श्रेया त्याची बहीण. सात वर्षांनी लहान. तिच्याविषयी एकच गोष्ट सांगतो. दोन भरलेल्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेणं हे कुणालाही विचारा, अवघड काम आहे. पहिली ट्रॉली एका बाजूला वळते, दुसरी भलतीकडेच. श्रेयाने एकदा ओल्या बांधावरून तो साठ-सत्तर फूट मागे घेतला. खाली कालव्याची चारी, म्हणजे पाण्याचा पाट होता. तिने मान वळवून दोन्ही चाकांकडे पाहिलं आणि एकदाही न थांबता घेतला. वडील जोतीराम बाजूला उभे होते. ते म्हणाले, "हिला कुणी शिकवलं?" कुणीच शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती एका मैत्रिणीबरोबर पुण्याच्या क्लबचा ट्रॅक-डे बघायला गेली. ही शर्यत नसते. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. बंद ट्रॅक असतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावतात आणि तेवढ्या वेळात गाडी हवी तेवढी पळवता येते. मैत्रिणीच्या गाडीतून तिने चार फेऱ्या मारल्या. घरी आल्यावर दोन दिवस ती मोबाइलवर त्याच फेऱ्या बघत होती. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आली.

"दादा, तू अख्ख्या तालुक्याचे टर्बो नीट करतोस. मला एक गाडी करून दे."

पंधरा दिवस रविराज आपल्या टर्बोंतच डोकं घालून होता. तो नाही म्हणणार, असं मी धरून चाललो होतो. तो हो म्हणाला. मी कारण विचारलं.

"मी न्हाय दिली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसंल," तो म्हणाला. "त्यानं नट आवळल्यात का न्हाय, मला कसं कळणार?"

आठ महिने गाडी शेडमध्ये होती. एका डॉक्टरांची जुनी पेट्रोल हॅचबॅक. मुळात तिला टर्बो नव्हता. रविराजने बसवला. इंजिनाचा कंप्युटर बदलला. मागच्या सीट काढल्या. आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला. पहिल्याचं वेल्डिंग मनासारखं झालं नाही म्हणून तो कापून दुसरा बसवला. प्रत्येक नट आवळला की त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक पिवळी रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. अशा रेघा मी मोजल्या नाहीत. त्याने मोजल्या होत्या. संध्याकाळी शेड बंद करून तो घरी निघायचा, फाट्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. कुलूप काढायचा. एखादी रेघ बघायचा. पुन्हा कुलूप लावायचा.

एकदा त्याची आई, कुशाबाई, डबा घेऊन आली. तिने गाडीत डोकं घालून पाहिलं.

"ह्ये पाइप कशाला रं?"

"गाडी उलटली तर."

"उलटणार हाय व्हय?"

"न्हाय."

"मग कशाला?"

रविराज पाना उचलून पुन्हा गाडीखाली गेला. तिने डबा ठेवला. जाताना म्हणाली, "नेतोस तशी घेऊन ये तिला. दुसरं माझं काय म्हणणं न्हाय."

त्या दिवशी तो जेवला नाही. डबा मी खाल्ला.

मार्चमध्ये गाडी पुण्याला नेली. तिथे एका गॅरेजमध्ये जमिनीत रोलर आहेत. चाकं त्यावर ठेवून गाडी जागच्या जागी पळवायची आणि कंप्युटरवर आकडे बघायचे. ताकद भरपूर होती. पण हवा तापत होती. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते. ती गार करायला गाडीच्या तोंडाशी रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. रविराज नुसतं 'जाळी' म्हणतो. जाळीतून जाऊनही हवा सत्तर अंशांवर इंजिनात शिरत होती. तेही मार्चमध्ये. ट्रॅक-डे मेमध्ये होता.

"सत्तरच्या वर गेली की पिस्टन जातो," रविराज म्हणाला.

"जाऊ दे की. दुसरा घालू," श्रेया म्हणाली.

"जाताना तू कुठल्या वळणावर असशील, ते त्याला म्हाईत नसतंय."

उपाय जोतीरामांनी सुचवला. त्यांना सगळे आबा म्हणतात. सहा एकर ऊस आणि एक एकर डाळिंब. डाळिंबाला आठ-पंधरा दिवसांनी फवारणी लागते. त्यांच्याकडे पाठीवर घ्यायचा बॅटरीवरचा पंप होता. ते म्हणाले, "उन्हात बाग तापती तवा आपण काय करतो? फवारा मारतो. तुझ्या जाळीवर मार की."

रविराज त्यांच्याकडे बघत राहिला. मग हसला. आठ महिन्यांत मी त्याला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्याने पंपाची टाकी सात वेळा धुतली, नळी नवी घातली, टाकी डिकीत आवळून बसवली, नोझल पुढे जाळीसमोर लावलं आणि बटण स्टिअरिंगजवळ आणलं. श्रेयाने बटण दाबलं की जाळीवर धुकं पडायचं. पुन्हा पुण्याला जाऊन रोलरवर बघितलं. सत्तरचे अठ्ठावन्न झाले. आबांना त्याने फोन करून आकडा सांगितला.

"आपलीच युक्ती," आबा म्हणाले.

तरीही त्याचा घोर गेला नाही. यादी चौसष्ट कलमांची झाली. मी ती दोनदा स्वच्छ लिहून काढली. ब्रेक गार राहावेत म्हणून त्याने पुढच्या बंपरमधून दोन पाइप काढून चाकांकडे नेले होते, म्हणजे वारा थेट ब्रेकच्या डिस्कवर जाईल. त्या पाइपांची कलमं वेगळी. श्रेया यादीला 'दादाची पोथी' म्हणायची. तो रागवायचा नाही. "वाच," एवढंच म्हणायचा, आणि मी पहिल्यापासून वाचायचो.

मेमधला रविवार. इंदापूरच्या पुढे माळावर एका कंपनीने आपल्या गाड्या तपासायला ट्रॅक केला होता. कंपनी गेली, ट्रॅक राहिला. पुण्याचा क्लब तो दिवसाच्या भाड्याने घेतो. दीड-पावणेदोन किलोमीटर, सात वळणं आणि एक सरळ पट्टा. पट्ट्याच्या शेवटी रस्ता एकदम डावीकडे वळतो. त्याच्या अलीकडे कडेला लाल रंगाची खूण केलेली आहे. तिथपर्यंत ब्रेक मारला नाही तर समोर माती आहे, आणि मातीपलीकडे टायरांची भिंत.

बाकीच्या गाड्या मोठ्या वाहनांवर चढवून आल्या होत्या. आमची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. आबांनी स्वतः आणली, ताशी वीसने. क्लबमधल्या दोघा-तिघांनी ट्रॅक्टरचे फोटो काढले. आबांनी टोपी नीट केली.

तपासणीला पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांनी पिंजरा हलवून पाहिला, सीटचे पट्टे ओढले, पिवळ्या रेघांकडे बघून मान हलवली. डिकी उघडल्यावर थांबले.

"हे काय आहे?"

"फवारणीचा पंप," रविराज म्हणाला. "जाळी गार करायला."

"भारी आहे. नुसतं पाणीच ना? ट्रॅकवर दुसरं काही सांडलेलं चालणार नाही."

"पाणीच हाय. आरओचं. आमच्या विहिरीला क्षार हाय, म्हणून मुद्दाम आरओचं आणलंय."

पाणी आबांनी गावच्या प्लँटवरून आणलं होतं. टाकीही सकाळी त्यांनीच भरली होती. ते शेजारीच उभे होते. त्यांनीही मान हलवली.

गाडी पास झाली. मग सगळ्या चालकांना सूचना दिल्या, झेंड्यांचे अर्थ सांगितले. एका गाडीला दोन चालक चालत होते. दुसरा म्हणून रविराजचं नाव होतं, पण ते श्रेयाच्या शेजारी बसून सूचना ऐकता याव्यात म्हणून. त्या ऐकताना तो तिच्यापेक्षा जास्त वेळा मान हलवत होता.

पहिली पाळी दहा वाजता. श्रेया हेल्मेट घालून बसली. रविराजने पट्टे आवळले. पुन्हा आवळले.

"दादा, श्वास घेऊ दे," ती म्हणाली.

ती गेली. आम्ही तारेच्या कुंपणाशी उभे राहिलो. पहिली फेरी तिने हळू मारली. दुसरीला गाडी सरळ पट्ट्यावर आली तेव्हा टर्बोची शिट्टी माळभर ऐकू आली. आबा म्हणाले, "ही आपली?" रविराज डोळे मिटून शिट्टी ऐकत होता. तिसऱ्या फेरीला ती पट्ट्यावर आली, लाल खुणेपाशी मागचे दिवे लागले आणि गाडीचा वेग उतरायला हवा तसा उतरला नाही. ती सरळच गेली. मातीत शिरली. धुळीत दिसेनाशी झाली.

मी रविराजकडे पाहिलं. तो तारेला धरून उभा होता. आबा पळायला लागले होते, चपला तिथेच टाकून.

धूळ बसली. गाडी टायरांच्या भिंतीपासून दोन-तीन हातांवर उभी होती. मग ती हलली, मागे आली, वळली आणि हळूहळू आमच्याकडे यायला लागली. झेंडेवाल्याने तिला आत घेतलं.

श्रेया उतरली. हेल्मेट काढलं.

"पेडल कडक हाय," ती म्हणाली. "पाय नीट बसतोय. पण गाडी ऐकत न्हाय."

"पेडल खाली जातंय का?"

"न्हाय. दगडासारखं हाय. दादा, मी खुणेच्या अलीकडंच दाबला व्हता. आईशपथ."

"म्हाईत हाय मला."

त्याने पुढची दोन्ही चाकं काढली. कुठली गळती नव्हती. तेल जागेवर होतं. रेघा तुटलेल्या नव्हत्या. तो मला म्हणाला, "वाच." मी ब्रेकची सगळी कलमं वाचली. एकेक नळी, एकेक नट त्याने हाताने चाचपला. पुन्हा वाच म्हणाला. पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं. सगळं बरोबर आहे, हेच मला भयंकर वाटायला लागलं. काही तुटलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं.

साडेअकरा वाजले. दुसरी पाळी बाराला होती. रविराज जमिनीवर बसला. शेडमध्ये गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा तो जसा बघतो, तसा तो श्रेयाकडे बघत होता.

"हवेचं तापमान किती दिसलं व्हतं तुला?"

"मस्त व्हतं. अठ्ठेचाळीस. पन्नासच्या वर गेलंच न्हाय."

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"पुण्याला अठ्ठावन्न व्हतं. आज ऊन जास्त हाय."

"मग बरंच झालं की."

"कमी का झालं?"

"दादा, ब्रेकचं बघ. ते चांगलं झालंय, ते कशाला बघतोस?"

"मी काय बदललेलं न्हाय. न बदलता चांगलं कसं झालं?"

तो उठला. डिकी उघडली. टाकी दोन्ही हातांनी धरून हलवली आणि झाकण काढलं. आत फेस होता. त्याने बोट बुडवलं आणि एक थेंब गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर सोडला. पाण्याचा थेंब पत्र्यावर गोल उभा राहतो. हा राहिला नाही. तेलासारखा पसरत गेला, हाताच्या पंजाएवढा.

"आबा."

"काय रं?"

"पाण्यात काय टाकलंय?"

"काय न्हाय." आबा जवळ आले. "स्टिकर टाकलंय नुसतं."

शेतकऱ्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. उसाचं किंवा डाळिंबाचं पान गुळगुळीत असतं. औषध त्यावरून ओघळून जातं. म्हणून फवारणीच्या टाकीत थोडं स्टिकर टाकतात. मग पाणी पसरतं आणि पानाला धरून राहतं. पंप भरायचा म्हणजे स्टिकर टाकायचं. चाळीस वर्षं आबांचा हात तसाच चालत आलाय.

"किती?"

"दोन टोपणं. घरी बघितलं व्हतं मी, पाणी तुझ्या जाळीवर टिकतच नव्हतं. घरंगळत व्हतं. म्हणलं, धरून राहू दे. जास्त गार व्हईल."

"झालं की," रविराज म्हणाला. "जास्त गार झालं."

तो पुढे गेला आणि बंपरमधल्या त्या दोन पाइपांत हात घातला. हात बुळबुळीत होऊन बाहेर आला. जाळीवरचा फवारा वाऱ्याने त्या पाइपांत शिरत होता आणि पाइप थेट ब्रेकच्या डिस्कवर उघडत होते. पुण्याला नुसतं पाणी होतं, ते वाफ होऊन उडून गेलं. हे उडालं नव्हतं. धरून राहिलं होतं.

आबांनी गाडीकडे पाहिलं, मग श्रेयाकडे, मग लांब त्या टायरांच्या भिंतीकडे. मातीतल्या चाकोऱ्या इथूनही दिसत होत्या. ते ट्रॉलीच्या सावलीत जाऊन बसले.

श्रेया त्यांच्याजवळ गेली. "आबा, कंप्युटरवाल्याला जमलं न्हाय ते तुमी केलं. दहा डिग्री उतरवली."

ते हसले नाहीत. "तुझ्या आईला काय सांगू?" म्हणाले.

रविराज कामाला लागला. टाकी ओतून दिली, तीही लांब जाऊन, बाभळीखाली. नोझल काढलं. पाइप काढून टाकले. डिस्क स्पिरिटने पुसल्या, किती वेळा ते मी विसरलो. डिस्कला दाबणारे जुने ब्रेक पॅड हातात घेऊन वास घेतला आणि बाजूला ठेवले. ते आता कामाचे नव्हते. नव्या पॅडचा संच त्याच्याकडे होता. असणारच. टायरसुद्धा साबण न लावता चोळून धुतले.

बाराची पाळी गेली. शेवटची चारला होती. पंधरा मिनिटं.

"फवारा न्हाय," रविराज श्रेयाला म्हणाला. "दोन फेऱ्या जोरात. तिसरी न्हाय. आकडा पासष्ट झाला की पाय काढायचा."

"बरं."

"आन् पॅड नवे हाईत. नवे पॅड लगेच धरत न्हाईत. चार-पाच फेऱ्या दाबून दाबून तापवायला लागतात. मग बसतात."

"तापवते की. आण हेल्मेट."

त्याने हेल्मेट दिलं नाही. ते हातात धरून तो उभा राहिला. मग स्वतःच्या डोक्यात घातलं.

श्रेया बघतच राहिली. "तू?"

"व्हय."

"दादा, चाळीसनं पॅड तापत न्हाईत."

"म्हाईत हाय."

"कितीला तापतात?"

"शंभर." त्याचा आवाज हेल्मेटमधून आल्यामुळे वेगळाच वाटला. "माझं नाव हाय यादीत."

पट्टे श्रेयाने आवळले. पुन्हा आवळले. झेंडेवाल्याने कागद बघितला आणि हात केला. रविराज गेला.

मी त्याला चार वर्षं ओळखतो. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून अनेकदा बारामतीला गेलोय आणि वेळेवर कधीच पोहोचलो नाही. आता जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पहिल्या फेरीला तो साठने आला आणि पट्ट्यावर तीन वेळा ब्रेक दाबला. दिवे लागले, विझले, लागले. दुसरीला ऐंशी. तिसरीला मी आकडा सांगू शकत नाही. शिट्टी मात्र ऐकू आली. प्रत्येक वेळी तो लाल खुणेच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक दाबत होता, हिशेबाने. दोन गाड्या त्याला ओलांडून गेल्या. त्याने हात बाहेर काढून पुढे जा म्हटलं नाही, एवढाच फरक.

चौथ्या फेरीला तो पट्ट्यावर आला आणि शिट्टी चढतच गेली. लाल खूण आली. दिवे लागले नाहीत. खूण मागे पडली.

"दादा," श्रेया पुटपुटली.

मग दिवे लागले. गाडीचं नाक खाली दबलं. मागची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली. माती सुरू होते तिथे ती मंदावली आणि डावीकडे वळली. वळणावरून व्यवस्थित गेली.

तो आत आला. इंजिन चालू ठेवलं, टर्बो थंड होऊ दिला. त्याला पट्ट्यांचं बक्कल उघडता येईना. श्रेयाने उघडलं. तो उतरून गाडीला धरून उभा राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"धरतंय," तो म्हणाला. "लाल खुणेला दाब. त्याच्या पुढं जायाचं न्हाय."

"तू कुठं दाबलास?"

"खुणेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिनेही पाहिलं होतं. त्याच्या डोक्यातलं हेल्मेट काढून घेऊन ती आत बसली.

सहा मिनिटं उरली होती. आबा ट्रॉलीपासून उठून आले. इतक्या वेळात पहिल्यांदा. त्यांनी रविराजचा दंड धरला.

"नको पाठवू तिला, रवी. झालं तेवढं बास."

"आबा, मी बघून आलोय."

"माझ्या हातनं झालंय ते. परत काय झालं तर मी..."

"तुमच्या हातचं सगळं काढून टाकलंय. आता माझ्या हातचं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "नव्या पॅडचं वझं तिच्यावर टाकलं असतं तर मला घरी तोंड दाखवता आलं नसतं. आता येतंय."

आबांनी दंड सोडला. श्रेया गेली.

मला वाटलं, तो कुंपणाशी येईल. तो आला नाही. गाडीचे काढलेले पाइप पडले होते, तिथे ट्रॅककडे पाठ करून उकिडवा बसला. आबाही त्याच्या शेजारी बसले. त्यांचीही पाठ.

"अनय, तू बघ," रविराज म्हणाला. "आन् सांग."

मी कुंपणाशी उभा राहिलो. पहिली फेरी. गाडी पट्ट्यावर आली.

"आली," मी म्हणालो. "पट्ट्यावर आहे."

"पुढं?"

"खुणेला दिवे लागले. बरोबर खुणेला."

"थांबती का?" आबांनी विचारलं.

"थांबतेय. वळली."

रविराज जमिनीवर बोटाने रेघ ओढत होता. दुसऱ्या फेरीत शिट्टी आधीच्यापेक्षा उंच गेली. मी तार धरली. तारेला ऊन लागून चटका बसत होता, तरी सोडली नाही.

"अरं, सांग की," आबा म्हणाले.

"खुणेला दिवे. थांबली. वळली, आबा."

"झाल्या दोन," रविराज म्हणाला. "आता पाय काढायला पायजे तिनं. काढला का बघ."

शिट्टी उतरली. इंजिन साध्या गाडीसारखं वाजायला लागलं. माळावरच्या शेवटच्या वळणातून ती हळू, चाळीसच्याही खाली, आमच्याकडे यायला लागली.

"काढला," मी म्हणालो. "येतेय."

रविराजने मान खाली घातली. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.